सासऱ्यांचा नवा कंपायलर

...आणि वर मलाच म्हणतात, "जावईबापू, दोन दिवसांचं तर काम!" दोन दिवसांचं? तुम्हाला सांगतो, आज सहावा दिवस आहे. आठ दिवसांची रजा काढली होती मी, घरातली कामं उरकून आजपासून बायकोला घेऊन समुद्रावर जायचं म्हणून. खोली ठरलेली, बॅगा काल रात्रीच भरून दाराशी ठेवलेल्या... आणि मी कुठे? सासऱ्यांच्या माडीवर, घामाघूम. पंखा आहे, पण तो त्यांच्या खुर्चीकडे तोंड करून. वळवला की बंद पडतो.

झालं काय, आमचे सासरे निवृत्त घड्याळजी. चारचौघांसारखा कॉम्प्युटर वापरतील तर शपथ! त्यांची ऑपरेटिंग सिस्टिमच वेगळी. अख्ख्या जगात ती वापरणारे एकोणीस जण, त्यातही दोन गट, एकमेकांशी बोलत नाहीत. त्यातल्या एका दाढीवाल्याने त्यावर नवा कंपायलर बसवल्याचा फोटो टाकला... संपलं. सासऱ्यांना जेवण जाईना. कंपायलर म्हणजे काय, तर आपण लिहिलेला प्रोग्राम मशीनला समजावून सांगणारा दुभाषा. सासऱ्यांचा घड्याळांच्या नोंदींचा प्रोग्राम आहे, स्वतः लिहिलेला, वीस वर्षं सुखाने चाललेला. पण नाही! "त्याच्याकडे नवा आणि माझ्याकडे जुनाट?" बायको म्हणाली, "बाबांचं तेवढं करून दे ना, मग निघू." दोन दिवसांचं काम.

बसलो. आता मला सांगा, नवा कंपायलर तयार करायला काय लागतं? कंपायलर. कुठला? नवाच! जुन्याला नव्याची भाषा कळत नाही. मग जुन्यावरून थोडा कमी जुना, त्यावरून आणखी कमी जुना... अशा सात पिढ्या! एकेक जन्माला यायला पाच तास, आणि चौथीच्या बाळंतपणात सासूबाईंनी मिक्सर लावला, वीज गेली, पुन्हा पहिल्यापासून. दाढीवाल्याला विचारलं, तर म्हणतो, "पाचव्याच्या आधी साडेचार करायचा होतास, लिहिलंय की." कुठे लिहिलंय? "माझ्या वहीत." घ्या!

काल संध्याकाळी सातवा उभा राहिला. खोटं नाही सांगत, डोळ्यांत पाणी आलं. सासरे शर्ट बदलून आले, ऐटीत बसले, आपला लाडका प्रोग्राम त्याच्यापुढे ठेवला. आणि त्याने काय करावं? दोनशे बारा तक्रारी! "ओळ चाळीस: ही गोष्ट जपून ठेवली आहे, वापरलेली कुठेच नाही." "ओळ एकसष्ट: इथपर्यंत कोणी कधी पोहोचणारच नाही." सासरे लालबुंद. सासूबाई मागे उभ्या राहून चष्मा लावून वाचत होत्या. शांतपणे म्हणाल्या, "चाळीस वर्षं मी वेगळं काय सांगत होते?"

झालं! "काढा हा शहाणा. माझा जुनाच परत बसवा."

जुना? मशीनमध्ये जागा पुरेना म्हणून चौथ्या दिवशी मीच पुसला होता, या हातांनी. आणि नवा काही जुन्याला घडवायला तयार नाही, नाक मुरडतो. म्हणजे सातही पिढ्या उलट्या उतरायच्या... आज सकाळी पाहतो तर दाराशी बॅगा नाहीत. बायको म्हणाली, "खोली फुकट घालवायची का? आई-बाबांना घेऊन जाते."

आत्ताच फोन येऊन गेला. मागे लाटांचा आवाज, आणि सासऱ्यांचा आवाज कसा मोकळा झालेला! "घाई करू नका हं, जावईबापू. आम्ही परवा येतोय. दोन दिवसांचं तर काम!"

आणि पंखा? तो रिकाम्या खुर्चीला वारा घालतोय.