टोपीखालचं कपाळ

—न्हाई, टोपी राहू दे इसाक, आधी दाढी उरक. दाराला कडी घातलीस ना? बाहेर पोरं गाडी घिऊन उभी हायती, कोणी आत आलं तर पंचाईत. — हां, आता सदरा काढतो, बग. हसू नको. छाती, पोट, पाठ, समदं एकसारखं करपलेलं. आता तुझी मान बग, अन् बंडीच्या आतलं अंग बग. उन्हातल्या माणसाचा रंग कॉलरीला थांबतोय, टोपी काढली की कपाळ उजळ निघतंय. हे मला पन्नाशीत कळालं, आता काय बोलावं.

पंचवीस वर्सं माझ्या गळ्यावर वस्तरा धरतोस, तुझ्यापशी काय लपवायचं — पुण्यात व्हतो मी. चारा छावणी माझ्या नावाची, बोर्डावर फोटो माझा, अन् मी मेव्हण्याच्या फ्लॅटात, एसीत. मग कारखान्याची निवडणूक लागली. मेव्हणा म्हणला, दाजी, हे लोण्यावानी तोंड घिऊन दुष्काळात मतं मागताव का? त्यानंच नेलं एका पार्लरात. पलंगावानी मशीन हाय — खाली दिवे, वर दिवे, आपुन उघडं झोपायचं, डोळ्यावर चष्मा, अन् वरून झाकण. विदेशातले गोरे लोक काळं व्हायला हौसेनं झोपत्यात म्हणं. लई जीव घाबरायचा आत. पण दहा-बारा दिसांत रंग चढला. डोळ्याभवती गोरे गोल राहिले, ते गॉगलनं झाकतो. चकलांब्याला प्रचारात म्हातारी बायनाबाई माझ्या गालाला हात लावून म्हणली, साहेब, आमच्यापायी किती करपलाव. रडली बे ती. मला बी रडू आलं, लाजंनं.

आता आज लिंबागणेशला पावसासाठी अभिषेक. उघड्या अंगानं, टोपी काढून, समद्या सभासदांपुढं बसायचं. न्हाई म्हणता येत न्हाई, मीच जाहीर केलतं. म्हणून तुला बोलावलं — कपाळाला, छातीला, पाठीला गोरी पावडर अशी चोळ, की पाण्यानं उतरणार न्हाई. ते म्हाताऱ्या शहादेवचं प्रकरण समोरच्या पॅनलनं उचललंय ना. छावणीवर ऊन लागून म्हातारं गेलं, तवा मोहनराव कुठं व्हते, असं इचारत्यात. मी भर सभेत सांगितलं, शेजारच्या गावात अडकलो व्हतो, उन्हात, लोकांसंगं.

व्हतो कुठला. निरोप मात्र माझाच व्हता, अकराला येतो म्हणून. निघणारच व्हतो, म्हणलं, पहाटंच पार्लर उघडायला लावून आणखी एक डाव रंग पक्का करून निघू. फोन बाहेर ठिवला. मशीनमधून निघालो, मग डोळा लागला माझा तिथंच, सोफ्यावर. उठून बगतो तर अठरा मिस कॉल. लोक हार घिऊन दोनपतोर उन्हात ताटकळले. एकानं बी सांगितलं न्हाई त्यान्ला, की बसा सावलीला...

वस्तरा कावून थांबला?

तू? तू व्हतास तिथं? — शहादेवचं डोस्कं तुझ्या मांडीवर — मला न्हाई सांगितलं कोणी. खरंच न्हाई, इसाक. मला वाटलं, हार घिऊन आपलेच कार्यकर्ते आलते, तू तर दुकान सोडून कुठं जात न्हाईस... आईची आण, मला ठावं असतं तर तुझ्यापुढं बोललो नसतो.

वस्तरा कावून पुसायलास? अर्धी दाढी राहिली बे. पेटी कावून भरायलास? हे बग, कोणाला सांगू नको म्हणत न्हाई मी, तुला जे करायचं ते कर, पण आधी हे अर्धं — इसाकभाई, मी उघडा हाय. पोरं दारातच हायती. कडी नको काढू. सदरा दे आधी, तो खुंटीवरचा — कडी नको—