दोरीपलीकडचा गोटा

बेटावरून परतणाऱ्या होडीची रांग काही हलत नव्हती. पक्ष्यांची मोजणी करणाऱ्या बाई रांगेत उभ्या होत्या. सकाळी किनाऱ्यावर त्यांनीच दोरी बांधून पाटी लावली होती. त्यांच्या मागे एक नवरा-बायको मघापासून नाकं मुरडत होती.

“ऐतिहासिक बेट म्हणे! एक पडका बुरूज आणि पक्ष्यांची घाण. यापेक्षा आपली गच्ची बरी.”

“अहो, पक्षी होते की भरपूर.”

“होते ना! माझ्या टकलावर टोचा मारून गेले. आल्यागेल्याशी वागायची रीत म्हणून नाही.”

“तुम्ही दोरी ओलांडलीत म्हणून. आत अंडी आहेत, असं लिहिलं होतं पाटीवर.”

“पाटी लावायला काय जातं? मी आत जाऊन आलो ना! झाड नाही, काडी नाही, घरटं नाही. नुसती वाळू आणि गोटे. दूधखुळे समजतात आपल्याला.”

बाईंचे कान आता मागेच लागले.

“गोटा मात्र छान उचललात हो. ठिपके बघा कसे!”

“टीव्हीशेजारी ठेवू. कोणी विचारलं तर सांगायचं, बुरुजाच्या काळातला आहे.”

“पण किती हलका आहे! आणि कोमट.”

“उन्हात दगड तापतो, एवढंही कळत नाही?”

“अहो, कानाशी धरून बघा. आतून टकटक होतंय.”

“तुझ्या घड्याळाची टिकटिक असेल. अक्कल काय घरी ठेवून आलीस?”

बाई गर्रकन वळल्या.

बायको नवऱ्याला म्हणाली, “माझं घड्याळ कालपासून बंद आहे.”