भिंतीवरचा फोटो

लीड्स, १९८८. बसच्या रांगेत माझ्यापुढे एक मराठी जोडपं. त्याच्या ट्रॅकसूटवर कॉलेजच्या फुटबॉल टीमचं नाव आणि खाली ‘हेड कोच’.

“अहो, सोमवारी कॉलेजचा माणूस आला होता. भिंतीवर लावायला तुमचा फोटो हवा म्हणाला. मी सुटातला दिला.”

“मला न विचारता?”

“त्यात काय विचारायचं? आधीच्या चारही कोचचे आहेत ना तिथे?”

“आहेत. कधी लागले, माहितीये?”

“कधी?”

“काढून टाकल्यावर.”

“पण शनिवारी जिंकलात तर ठेवणार होते ना?”

“तसं म्हणाले होते.”

“अहो, मॅच तर परवा आहे!”

“हळू बोल. आणि पोरांना कळू देऊ नकोस. मला ठेवावं म्हणून खेळतायत ती.”