पाइपाजवळचं रोप

चूक काकाची, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे तुमचा गोंधळ नको. वडील गेले त्याच्या तेराव्या दिवशी काकाने त्यांचा फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "चांगला चालता आहे, वापर. आणि हे बघ, काही पुसू नकोस, कुठल्याच खात्यातून बाहेर पडू नकोस, पासवर्ड कोणालाच माहीत नाहीत, एकदा बाहेर पडलास की मेलास." असं बोलतात का हो, ज्या घरात नुकतंच माणूस गेलंय तिथे? पण काका बोलतो. मी शिकायचं सोडलं तेव्हा घरभर सगळे गप्प होते, तेव्हाही हाच बोलत होता.

आता वडिलांचं सांगतो. टेकडीमागे ती झाडांची पायवाट आहे ना, लाकडी पाट्या लावलेली, तिथे रोज सकाळी सातला म्हाताऱ्यांचा एक गट जातो. झाड दिसलं की फोटो काढायचा, अ‍ॅपवर टाकायचा, खाली शेरा लिहायचा. दुसऱ्या कोणीतरी येऊन ओळख बरोबर आहे असा दुजोरा दिला की नोंद पक्की. वडील त्यातले मुख्य. आणि त्यांचा शेरा कायम एकच... पुन्हा येऊन बघणे. गवत असो, वड असो, पुन्हा येऊन बघणे. घरात माझ्याशी वर्षभरात बोललेली वाक्यं म्हणजे "दार लाव" आणि "पंखा बंद कर". झाडांना मात्र पुन्हा येऊन बघणे!

तर झालं काय, पायवाटेच्या कार्यालयात वाट दाखवणारा माणूस हवा होता. शिक्षणाची अट नाही. अट एकच, स्वतःच्या नावावर तीनशे पक्क्या नोंदी. मी म्हटलं हे आपल्याला जमेल, झाडं काही मार्कशीट मागत नाहीत. सुरू केलं. अ‍ॅप उघडलं तर वर लिहिलेलं, 'पायवाट', शेजारी पानाचं चित्र. मला वाटलं ते गटाचं नाव आहे, सगळ्यांच्या फोनवर तसंच दिसत असेल. तुम्हालाही तसंच वाटलं असतं, उगाच हसू नका.

पण तो फोन, तुम्हाला सांगतो, साधा नव्हता. मी 'पान' लिहिलं की पुढचं तो लिहायचा, 'पान कुरतडलेलं आहे'. आणि पान खरंच कुरतडलेलं असायचं! 'साल' लिहिलं की 'साल सोलवटली आहे, पुन्हा येऊन बघणे'. पुलाजवळ पोचलो की खिशात थरथरायचा, 'तुम्ही येथे मागच्या वर्षी आला होता', आणि तेच झाड, वीतभर लहान, फोटोच्या कोपऱ्यात वडिलांच्या बुटाचं टोक. मी मागे वळून बघायचो. सकाळी अकराच्या उन्हात, चोवीस वर्षांचा घोडा, मागे वळून बघायचो.

मी अकराला का जायचो? म्हाताऱ्यांना टाळायला. एक आहेत छत्रीवाल्या बाई, त्यांना प्रत्येक रोप दुर्मीळ. "अगदी दुर्मीळ हो, मी एकदाच पाहिलंय, तेही स्वप्नात." एक आहेत निवृत्त इंजिनियर, त्यांनी प्लास्टिकच्या फुलाचा फोटो टाकला होता आणि त्याला तिघांचा दुजोरा होता. कारण तिथली रीतच ती, तुम्ही माझ्या नोंदीला मान डोलवा, मी तुमच्या.

माझ्या नोंदींना मात्र तासाभरात दुजोरा यायचा, एकही शंका नाही. चारशे बारा झाल्या. छाती फुगवून कार्यालयात गेलो. गटाचे सर, शाळेतून निवृत्त झालेले, आता कार्यालय सांभाळणारे, यादी बघतात आणि म्हणतात, "तुझ्या नावावर काही नाही रे." मी म्हटलं, हे काय, पायवाट. शेजारी उभ्या असलेल्या छत्रीवाल्या बाई खुर्चीत बसल्या.

"ते तुझे वडील," सर म्हणाले. "पायवाट हे त्यांचं नाव."

म्हणजे आठ महिने हे लोक काय बघत होते? गेलेला माणूस रोज नोंदी टाकतोय, त्याच्याच जागांवरून, त्याच्याच शब्दांत! मी विचारलं, तुम्हाला काही वाटलं नाही? बाई म्हणाल्या, "आम्हाला वाटलं, त्यांच्या जुन्या नोंदी नेटवर्कमध्ये अडकलेल्या असतील... हळूहळू येत असतील." आणि दुजोरा? "त्यांना नाही कसं म्हणायचं?" बघा. मेलेल्याचं डोळे मिटून खरं. मी जिवंत माणूस स्वतःच्या नावाने गेलो असतो तर माझं गवतसुद्धा तपासून घेतलं असतं.

काका धावत आला. "सोपं आहे, खात्याचं नाव बदल, तीन बटणं. त्याचं सगळं तुझं होईल. त्याला आता काय करायचंय?" सर म्हणाले, "माझी हरकत नाही, पण शनिवारी संध्याकाळच्या आत."

शनिवारी सकाळी मी पायवाटेवर गेलो. नाव बदलण्याआधी म्हटलं, शेवटची नोंद बघू. वडिलांची, जाण्याच्या आदल्या दिवशीची. तिसऱ्या वळणाखाली सिमेंटचा पाइप आहे, त्याच्या कडेला दोन पानांचं रोप. खाली शेरा... ओळख पटत नाही. पुन्हा येऊन बघणे.

ज्या माणसाला बोटभर शेवाळाचं नाव यायचं, त्याला ओळख पटत नाही? पाइपाशी गेलो. रोप कमरेएवढं झालं होतं, लाल फळं लागली होती. टोमॅटो. मी त्या पाइपावरच बसलो. तो पाइप माझाच होता हो. कॉलेज सोडल्याचं घरी सांगण्याआधी चार महिने मी डबा घेऊन निघायचो आणि तिथे बसायचो. डब्यातल्या टोमॅटोच्या फोडी मला आवडत नाहीत. मी त्या तिथे फेकायचो.

वडील सातला यायचे, मी तेव्हाही अकराला. माझ्या खोटेपणाला अंकुर फुटला आणि ते वाकून त्याचा फोटो काढत होते.

आता ऐका. स्वतःच्या नोंदीला स्वतः दुजोरा देता येत नाही. नाव बदललं तर तो प्रश्न माझा, उत्तर द्यायला कोणी नाही. उत्तर द्यायचं तर दुसरं खातं हवं, म्हणजे यातून बाहेर पडायला हवं. फोनने विचारलं, बाहेर पडायचे आहे? हो म्हटलं. पुन्हा विचारतो, नक्की? काकाही एवढं विचारत नाही.

दाबलं. चारशे बारा नोंदी तिकडेच राहिल्या. माझ्या नावाने नवं खातं उघडलं, ती नोंद शोधली, लिहिलं, टोमॅटो. खाली विचारलं, कशावरून? मी लिहिलं, 'मी टाकला होता'. आणि फोनने पुढचं आपणहून सुचवलं... पुन्हा येऊन बघणे. मी ते खोडलं नाही.

नोकरी छत्रीवाल्या बाईंच्या भाच्याला लागली. तो टोमॅटो मला एका नोकरीला पडला.