एका मीटरची तीन माणसं

...अहो, गीझरचं सोडा, आधी मीटरचं ऐका! खोल्या तीन, भाडेकरू तीन आणि मीटर एक! पहिल्या खोलीत कंडक्टरकाका. रिटायर झालेत, पण गीझर लावून बाथरूममध्ये शिरले की शेवटच्या स्टॉपशिवाय उतरत नाहीत! मधल्या खोलीत शिवणकाम करणाऱ्या ताई. त्यांचं मशीन विजेवर, इस्त्री विजेवर, आणि मला तर वाटतं रागसुद्धा विजेवरच. तिसरा मी. चष्म्याच्या दुकानात काचा घासतो, घरी येतो, एक दिवा लावतो आणि भिंतीकडे बघत बसतो. बिल मात्र तिघांत सारखं! भिंतीकडे बघायला वीज लागते किती, तुम्हीच सांगा! पण तुम्हाला सांगतो, मला काही वाटलं नाही. गेल्या वर्षी बायको वारली, तेव्हापासून वाटायचं खातंच बंद आहे. डॉक्टर म्हणाले, ‘वाटेल हळूहळू.’ म्हटलं, वाटलं की कळवतो.

तर उन्हाळा आला, तीन खोल्यांत तीन कूलर सुरू झाले, बिल आलं आणि जिन्यातच जुंपली! ताई म्हणतात, ‘काका, तुम्ही अंघोळ करता की लाँड्री चालवता?’ काका म्हणतात, ‘बाई, इस्त्री कपड्यांवर फिरवा, आमच्या खिशावर नको!’ ताई म्हणतात, मी खोली सोडते. काका म्हणतात, सोडा, मी डबल बेल देतो! एवढ्यात मालकीणबाई खालून गरजल्या, ‘भांडण मिटत नसेल तर तिघंही सामान उचला!’

तिघंही? मी तर तोंडही उघडलं नव्हतं हो! आणि मी जाऊ कुठे? तिचा स्वेटर अजून खुंटीला आहे, तिने टांगला तसाच... तो खुंटीवरून काढायचा कुणी?

गोंगाट थांबावा म्हणून बोलून गेलो, ‘माझी खोली मोठी आहे. संध्याकाळी इथेच बसा सगळे. एकच कूलर लावू.’

बोललो आणि जीभ चावली! पण संध्याकाळी काका स्वतःची खुर्ची डोक्यावर घेऊन हजर! खिडकीपाशी ठेवली, जशी काही रिझर्व्ह सीट. ‘पुढे सरका, पुढे सरका, आत जागा आहे!’ आत माणूस मी एकटा, सरकू कुठे? मागोमाग ताई, काजं करायचे शर्ट घेऊन. मग रोजचंच झालं. ते भांडायचे, मी भिंतीकडे बघायचो, मध्ये काकांचं डोकं यायचं. मला काही वाटलं नाही.

एकदा ताई म्हणाल्या, ‘या स्वेटरचं बटण लोंबतंय की हो.’ मी काही म्हणायच्या आत त्यांनी तो काढला, बटण लावलं, दाताने दोरा तोडला आणि परत होता तसा खुंटीला अडकवला. काकांनी बिस्किटांचा पुडा माझ्यापुढे सरकवला. मला काही... म्हणजे बिस्किट चहाऐवजी पाण्यात बुडवलं, पण ते पेले सारखे असल्यामुळे असणार.

बिल खरंच उतरलं. मालकीणबाई तीनदा मीटरवर टिचकी मारून गेल्या, बंद पडला की काय म्हणून!

आणि मग हवा गार झाली. कूलरचं काम संपलं. काकांनी खुर्ची उचलली, ‘चला, गाडी डेपोत!’ दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कुणी आलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. भिंत जिथल्या तिथे. बघायला मोकळी.

मी उठलो. कूलरमध्ये बादलीभर पाणी ओतलं, बटण फुल केलं, दार सताड उघडं टाकलं आणि शाल पांघरून बसलो.

ताई तीरासारख्या आल्या, ‘अहो, वेड लागलं का? थंडीत कूलर? बिल तिघांचं आहे!’

मागून कानटोपी घातलेले काका, ‘बंद करा आधी!’

म्हटलं, ‘बटण अडकलंय. बसा, बघतो.’

बसले! बसले म्हणजे काय, बटण कुणामुळे बिघडलं यावर जेवणाची वेळ होईपर्यंत भांडले. आता रोज तिघं शाली गुंडाळून कूलरसमोर कुडकुडतो. काका विचारतात, ‘मेकॅनिक कधी येणार?’ मी म्हणतो, ‘उद्या.’ ते म्हणतात, ‘हल्ली माणसं मिळत नाहीत.’

काल तर कूलरमधलं पाणी संपलं. म्हटलं, झालं, आता कळणार, रोज गुपचूप पाणी मीच भरतो ते! तर ताई निमूट उठल्या, बादली आणली, पाणी भरलं, आणि वर मलाच म्हणतात, ‘बिलाचं बघा काहीतरी. फार येतं हल्ली.’