बाबांनी ताणलेली ताडपत्री

काय सांगू बाप्पा, त्या दिवशी कन्हान नदीच्या काठावर मी बाबाले नव्यानंच पाहिलं. झाडाले झुला बांधायचा होता अन् वर ताडपत्री. मी टेपनं मोजून ताडपत्रीच्या चारही दोऱ्या सारख्या कापल्या. जागा निघाली उताराची, खालच्या दोन दोऱ्या खुंट्यांपर्यंत पोचेचनात.

बाबांनी जन्मभर हातमाग चालवला. म्हणाले, "ताणायच्या आधीच काहून कापल्या गा?"

त्यांनी उरलेले तुकडे घेतले अन् मागावर तुटलेला धागा सांधतात तशी गाठ मारली, न पाहता. मग एकेका दोरीवर बोट मारून, सारखा आवाज येईपर्यंत ताणत गेले.

तेवढ्यात वावटळ आली. शेजारचा तंबू पार आडवा झाला, आमची ताडपत्री फडफडलीही नाही.

मी इचारलं, "बाबा, किती किती फूट ठेवल्या?"

"मोजल्या कोनं गा? मी तं ऐकून राहिलो होतो."