शिंगांचा रंग

फ्लॅटचं काम काढणार असाल तर आधी आमच्या वडिलांचं ऐका. लातूरच्या आमच्या हॉलला बायकोनं हौसेनं सिमेंटसारखा करडा रंग दिला. म्हणे, मन लई शांत राहतं. देवणीहून अण्णा राहायला आले. आल्यागेल्याला सांगायचे, "गिलावा झालाय, रंग राहिलाय पोराचा."

पोळ्याला बैलांची शिंगं रंगवायला गावी गेले, वाटलं आता येत न्हाईत. आले, हातात डबा. आम्ही ऑफिसातून येईस्तोवर अख्खी भिंत लालभडक.

"शिंगांचा रंग उरला होता," अण्णा खुशीत म्हणाले.

बायकोकडं बघायची माझी हिंमत होईना. ती भिंतीसमोर खुर्ची ओढून बसली, निवांत चहा घेतला आन् म्हणाली, "अण्णा, बेडरूमबी राहिलीय."